पायाळूचा पाय

हसू नका, पण मी पायाळू आहो. जन्मताना माझे पाय पहिले बाहेर आले. आमच्या दिघोरीत कोणाची कंबर चमकली का पायाळूचा पाय पाठीवरून फिरवून घेतात.

मागचा धानाचा रोवणा झाला अन् बाबाची कंबर धरली. मी साकोलीले नोकरीवर, गावी जायचो ते सणासुदीलेच. बाबाचा फोन आला, "तुह्या पायानंच जाईन हे." मग दर रविवारी गेलो. ते पालथे झोपायचे, मी पाय फिरवायचो. उठले का म्हणायचे, "आराम पडला बाप्पा. पुढच्या रविवारी ये."

असे चार महिने गेले. दुखणं काही जाईना, म्हणून मी त्यायले साकोलीले ऑस्टिओपॅथीवाल्या मॅडमकडे नेलं. त्या सुई देत नाहीत, गोळी देत नाहीत, हातानंच पाठ मोकळी करतात. त्यांनी पाठीवर हात ठेवला अन् विचारलं, "रात्री पडल्यावरही दुखतं? वजन उतरलंय?"

बाबा म्हणाले, "हो, पहिल्यापासूनच."

मॅडमनं हात काढून घेतला. "आखडलं, लचकलं असतं तर मी केलं असतं. याला हात लावणार नाही. आजच मोठ्या दवाखान्यात न्या."

कॅन्सर मणक्यात उतरला होता.

दवाखान्यात मी बाबाले म्हटलं, "दुखतच होतं, तं आराम पडला म्हणून काहून सांगत होते?"

ते म्हणाले, "नाही पडला म्हटलं असतं, तं तू कायले आला असता?"