हनुवटीखालचं इंजेक्शन

(दवाखान्यात, नंबरची वाट बघत.)

बायको : हसा बघू. तसं नाही, नीट.

नवरा : नीटच हसतोय.

बायको : अहो, ओठ डावीकडे हसतोय आणि उजवीकडे रुसलाय. केस कापायला म्हणून गेलात आणि हे काय करून आलात?

नवरा : सलूनवाली म्हणाली, चार इंजेक्शनं, हनुवटीखालची चरबी आपोआप विरघळते. सूज दोन दिवसांत जाईल म्हणाली. आज चौथा दिवस.

बायको : आणि मला सांगितलंत दाढ दुखतेय! चार दिवस तुमच्यासाठी सगळं मऊ शिजवतेय मी.

नवरा : शुक्रवारी निरोपाचा फोटो आहे गं. शाळेच्या भिंतीवर आधीच्या मुख्याध्यापकांच्या रांगेत लागणार. ते सगळे कसे ताठ मानेचे!

बायको : ते कोट घालून श्वास रोखून बसलेत. चला, आपला नंबर आला.

(डॉक्टरीणबाईंच्या खोलीत.)

डॉक्टर : सर, गाल फुगवा. आता शीळ घाला. गिळताना अडकतं? दम लागतो? ताप?

नवरा : नाही.

डॉक्टर : कातडीही काळी पडलेली नाही. थोडक्यात वाचलात. बाटलीवर काय लिहिलं होतं?

नवरा : वाचलं नाही.

बायको : आणि मुलांना सांगतात, प्रश्नपत्रिका दोनदा वाचा!

डॉक्टर : हे औषध चरबी ओळखून जात नाही हो, पडेल तिथे जाळतं. जबड्याच्या कडेला ओठाची नस असते, तिला झळ लागलीये. काही आठवड्यांत बहुतेक ठीक होईल.

नवरा : बहुतेक?

डॉक्टर : बहुतेकच. शपथेवर नाही सांगत.

नवरा : पुढच्या आठवड्यात दुसरी खेप ठरलीये...

बायको : अहो!

डॉक्टर : अजिबात नाही. त्या बाटलीचा फोटो तेवढा मागवा. आणि पुन्हा वाटलंच, तर हे काम शिकलेल्या डॉक्टरकडे जा, आधी तपासून घ्या. तिथे दरवेळी चरबीच असते असं नाही. तुमची तर नुसती कातडी सैल झालीये.

नवरा : म्हणजे विरघळायला काही नव्हतंच?

डॉक्टर : फारसं नाही.

बायको : घ्या! नसलेली चरबी घालवायला गेले आणि असलेलं हसू घालवून आले.

नवरा : माझ्या हनुवटीबद्दल तू कधी काही म्हणाली नाहीस. वाटलं, आता माझ्याकडे बघतच नसशील.

बायको : बघते हो. तुम्ही पेपरात डोकं घालून बसता ना, तेव्हा.