होस्टेलात तोंडं हुंगली तो दिवस

पोरांच्या दारूचं बोलून राह्यल्या तर सुखदेवचं सांगते. सुखदेव माझा धाकटा भाऊ, आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच. आम्ही बौद्ध झालो त्याच्या दुसऱ्या सालची गोष्ट. मी अन् बा आर्णीहून मोटारीनं यवतमाळला त्याच्या होस्टेलात भाकरी घेऊन गेलतो. तर तिथं नेमकी दारूची बाटली सापडलेली! होस्टेल पाहणाऱ्या सरांनी सगळी पोरं ओळीनं उभी केली अन् एकेकाचं तोंड हुंगत आले. सुखदेवपाशी मात्र चार हात दूरच थांबले.

"हा प्यायलेला आहे. याचं नाव कॉलेजातून काढून टाका."

बानं हात जोडले. "साहेब, माह्यं पोरगं पेत नाही. बाकीच्याईचं हुंगलं, तसं याचंबी एकडाव हुंगून पाहा ना जी."

सुखदेवनं पुढं होऊन आ केला. सरांनी रुमाल नाकाला लावला.

"तुमच्या लोकांचं मला माहीत आहे."

बाचे जोडलेले हात सुटले. "साहेब, धम्म घेतला त्या दिवशी आमी दारू सोडली. तुमी काय सोडलं?"

सरांनी बाकडं पाठ केली. शिपायाले म्हणाले, "याची ट्रंक बाहेर काढ."

सुखदेवचं कॉलेज तिथंच संपलं. शिपायानं ट्रंकेला हात लावला नाही, पायानं ढकलत ढकलत ती फाटकापर्यंत आणली.

मी म्हणलं, "राहू दे दादा. तुले आता पाय धुवा लागतीन."