टकल्या भारी का उंच बाई

मी मूळची जेऊरची, ताई. करमाळ्याकडचं जेऊर. आमचं घर स्टेशनाच्या मागंच, त्यामुळं गाडी आली की समद्यांचं बोलणं थांबायचं आन् गाडी गेली की तितनंच फुडं सुरू व्हायचं. बाप लई कडक. पोरींनी दात दाखवून हसायचं न्हाय म्हनायचा, मग आमी भैनी गाडीची वाट बघायचो, गाडीच्या आवाजात हसून घ्यायचो. खोटं न्हाय सांगत. आन् असल्या घरातनं मी पडले कुटं, तर सोलापुरात, भोंगेवाल्याच्या घरात.

भोंगेवाला म्हंजी आमचं मालक. रिक्षाच्या टपावर भोंगा बांधायचा आन् आत बसून माईकवर वरडत गावभर हिंडायचं, चादरींचा सेल लागलाय, सर्कस आलीय, उद्या नळाला पानी न्हाय. तसला आवाज तुमी ऐकला नसंल. घरात बी तसाच. मीठ दे म्हनले तर शेजारनं दोघी मीठ घेऊन यायच्या. मी आपली कडक भाकरी करून दुकानांना घालते, आजून घालते, त्या थापायच्या आवाजावरनं बी त्यांचा आवाज जायचा.

तर टीव्हीवर त्यो हसवायचा कार्यक्रम हाय बगा, छोटी छोटी नाटकं करतात त्यो. किती वर्सं चाललाय. आमच्या पोरीचं लगीन झालं, तिला लेकरं झाली, कार्यक्रम हाय तसाच. त्या नटांना नावं आसतील की, पण आमी घरात आमचीच ठेवलेली. मालकांचा लाडका टकल्या. त्यो आला की वरडतोय, पडतोय, धोतर सावरतोय, परत पडतोय. आन् माझी उंच बाई. ती कवा सासू होती, कवा शेजारीण, कवा बँकेतली मॅडम. आन् करती काय, तर काय न्हाय. नुसती बघती. टकल्या तिकडं बोंबलून घाम गाळतोय आन् ही हातातली वाटी खाली ठेवून त्याच्याकडं बघती, एवढंच, आन् हितं माझं पोट दुखाय लागायचं.

मालक म्हनायचे, आगं ह्याला काय काम म्हनतात व्हय, बघायला काय, म्हस बी बघती. मी म्हनायचे, वरडायला काय, गाढव बी वरडतंय. की पेटलंच. शेजारची पद्मक्का रोज यायची आमच्यात बघायला, ती तेलुगू, नवरा चादरीच्या कारखान्यात. तिचं तिसरंच. ती म्हनायची तुमी दोगं बी येडे, खरा भारी त्यो पेटी वाजवणारा, समद्यांच्या आधी त्यालाच हसू येतंय. मालक म्हनायचे, पद्मक्का, त्यो नट न्हाय, पेटीवाला हाय. ती म्हनायची, मग काय झालं. आता ह्याला काय बोलायचं तुमीच सांगा. एकदा तर मालक रिक्षातनं सेलची जाहिरात करत होते, आमच्या दारावर आले, आन् मधीच भोंग्यावर म्हनले, सोलापूरकरांनो, टकल्याच भारी हाय. अख्ख्या गल्लीनं ऐकलं. दुकानदार लई चिडला, पैसं मी दिलंय का टकल्यानं म्हनला.

मग गेल्या उन्हाळ्यात मालकांना झटका आला. सकाळी चहाची बशी हातातनं सुटली आन् तोंड एकीकडं. दवाखान्यात न्हेलं, वाचले, हात-पाय हळूहळू आले, पर बोलणं न्हाय. काय सांगू तुमाला, ज्या घरात आवाजाबिगर काय नव्हतं त्या घरात गप बसणं कसं असतंय. भांडं पडलं तरी मला बरं वाटायचं. दवाखान्यातली बोलायला शिकवायची मॅडम, पोरगीच हाय कवळी, ती म्हनली आवाज हाय, शब्द बी हायेत, पण आजोबांनी प्रयत्न केला पायजे. तिनं चित्रं दिली, बदक, छत्री, आंबा. आता ज्या माणसानं अख्ख्या गावाला हाका मारल्या त्याला म्हनायचं, बदक म्हना. मालकांनी तोंड फिरवलं. मी बी म्हनून बघितलं, म्हना की वो, ब-द-क. त्यांच्यापेक्षा मलाच जास्त लाज वाटली.

एक दिवस दुपारी दारावरनं रिक्षा गेली आन् भोंग्यावर मालकांचाच आवाज. सेलवाल्यानं कवातरी भरून ठेवला आसंल. या, या, बघायचे पैसे न्हायत, हात लावून बघा. मालक पलंगावर बसून ऐकायलेत. रिक्षा वळली, आवाज बारीक झाला, तरी कान तिकडंच. मग भिंतीकडं तोंड करून झोपले. जेवले न्हायत. पानी वाया घालवणारी मी न्हवं, सोलापुरात कोन घालवतंय, पण त्या दिवशी मोरीत नळ सोडून रडले.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या कार्यक्रमाचा रिपीट लागला. टकल्यानं लई झकास केलं, खरं सांगते, मलाच हसू आलं. मालक नुसते बसलेले, चेहरा कोरा. माझं डोस्कंच फिरलं, वड्याचं तेल वांग्यावर. पद्मक्काला मोठ्यानं म्हनलं, बघितलंस का, संपला गं ह्यो टकल्या, दम न्हाय त्याच्यात, काढून टाका म्हनावं. पद्मक्कानं डोळे वटारले, आगं आजारी माणसापुढं काय बोलतीस. मी म्हनलं मग, वरडण्याबिगर येतंय काय त्याला, उंच बाईची सर त्याला सात जन्मात यायची न्हाय.

तवा पलंगावरनं आवाज आला. गा. गाढ. आन् मग अख्खं, गाढव. माझ्याकडं बोट करून.

ताई, लगीन झाल्यापास्नं त्यांनी मला काय काय म्हनलं आसंल, पण एवढं ग्वाड कायच लागलं न्हाय. मी म्हनलं, आजून म्हना. त्यांनी आजून म्हनलं.

मग काय, बदक-छत्री ठेवली कपाटावर. रोज रिपीटला बसायचं आन् टकल्याची खोड काढायची. मालक शब्द जुळवायचे. येडी. गप. तुला काय कळतंय, ह्याला लई दिस लागले. मॅडमनं विचारलं, कुठला व्यायाम घेता वो आजी, मी म्हनलं भांडण. तिला वाटलं चेष्टा करायलीय. पण अडचण बगा कशी, खोड काढायची म्हनून मी टकल्याकडं बारीक बघाय लागले आन् मलाच त्यो आवडाय लागला. वरडतोय पण सुरात वरडतोय, पडतोय पण दुसऱ्याला लागू देत न्हाय. आन् घरात वरडणारं माणूस असणं म्हंजी काय, हे काय मला आता कोनी शिकवायला नको. पण बोलायची सोय न्हाय. मी व्हय म्हनले की मालक गप बसनार. त्यामुळं आत हसू दाबायचं आन् वरनं नावं ठेवायची.

आता परवाची गोष्ट. उंच बाईचं नाटक होतं. नवरा परगावी निघालाय, ही दारात उभी, जा म्हनत न्हाय, ऱ्हावा म्हनत न्हाय, नुसती त्याच्या पिशवीची नाडी बांधती, सोडती, परत बांधती. लोकं हसत होती. मालक हसले न्हायत. संपल्यावर एक एक शब्द टाकत बोलले, न बोलता, एवढं, बोलायचं, सोपं न्हाय. उंच बाईच, भारी.

झटक्यानंतर एवढं लांब पहिल्यांदाच बोलले. डोळे भरले माझे. इतक्या वर्सांनी जिंकले की मी! आन् तवाच म्हनलं, बया, आता उद्या भांडायचं कशावरनं?

मी पदरानं डोळे पुसले आन् म्हनलं, काय तरीच तुमचं, टकल्याच भारी.

मालक लाल झाले. अ-असं कसं, म्हनले. आन् जे सुरू झालं ताई, ते उंच बाईकडनं, मी टकल्याकडनं. पद्मक्का डोक्याला हात लावून बसली. आजून मिटलं न्हाय, तुमी आला तवा बी बाहेर ऐकू आलं आसंल. आन् आता तर मला खोटं बी बोलावं लागत न्हाय, मनापास्नं भांडते. सकाळी दिवा लावताना एकच मागते, देवा, समद्यांचं भलं कर, पर आमचं दोघांचं एकमत तेवढं कवा होऊ देऊ नको.