मुलाखत संपेपर्यंत मयत

नाही, बसणार नाही मी. पाणीही नको. आणि तो फोन खाली ठेवा — वॉचमनला कशाला बोलावताय, मी काय मारामारी करणार आहे या वयात? — ओळखलंत का मला? नाही ना? कसं ओळखणार, आपण कधी भेटलोच नाही. तरी मारलंत मला. हो, मारलंत! मुंगीचा आजोबा मी. फाइलीत तिचं खरं नाव असेल, घरी मुंगीच म्हणतो, लहानपणापासून सदा काहीतरी ओढून आणायची घरात — काड्या, खडे, शिंपले — आता परदेशी जायचंय तिला, त्या मोठ्या विद्यापीठात, भूगर्भशास्त्र शिकायला, आणि तुम्ही तिचे काउन्सेलर, तिचा अर्ज भरून देणारे. तिच्या अर्जातल्या निबंधात अतिदक्षता विभागात नातीच्या हातावर एक दगड ठेवून जो म्हातारा प्राण सोडतो ना, तो मी. बघा, नीट बघा. सोडलेला दिसतोय?

अहो, पण दगड कुठून आणला मी तिथे? तिथे नातेवाइकांना चपला घालून आत सोडत नाहीत आणि मी उशाखाली दगड घेऊन पडलोय? मरणारा माणूस पाणी मागतो, नाहीतर कुणाला तरी हाक मारतो, नाहीतर काहीच करत नाही. माझी बायको काहीच न करता गेली, मी शेजारी बसलो होतो, मला माहीत आहे — ते जाऊ द्या. तिचा इथे संबंध नाही.

मुंगीनं स्वतः लिहिलेला निबंध वाचला होता ना तुम्ही? मग? काय वाईट होतं त्यात? आमच्या बैठकीच्या कपाटात एक काळा दगड आहे. माझ्या वडिलांनी मला दिलेला, आकाशातून पडलाय म्हणून. मी त्याखाली चिठ्ठी लावली, 'उल्का', आणि आल्यागेल्याला दाखवत राहिलो. दगडांचा प्राध्यापक मी! लोकांच्या पोरांना शिकवलं, चिठ्ठीवर विश्वास ठेवू नका, भिंग लावा — आणि वडिलांनी दिलेल्या दगडाला कधी भिंग लावलं नाही. ही तेव्हा सातवीतली पोर, एका सकाळी म्हणते, आबा, याला बुडबुड्यांची भोकं आहेत, उल्केला अशी नसतात, ही लोखंडाच्या भट्टीतली मळी आहे. मी तिच्याशी बोललो नाही. म्हणजे रागानं नाही हो — थोड्या रागानंच. मग एके दिवशी गुपचूप चिठ्ठी बदलली. बस, एवढंच लिहिलं होतं तिनं. मी चुकलो, ती खरी ठरली, आणि नवी चिठ्ठी वाचून ती कपाटासमोर कशी उभी राहिली, एवढंच. त्यावर तुम्ही लाल अक्षरात काय शेरा मारलात? 'यात संघर्ष कुठे आहे?' — संघर्ष! अहो, वडिलांना खोटं ठरवणारी चिठ्ठी स्वतःच्या हातानं लिहायला काय लागतं, तुम्हाला कल्पना आहे? नाही. तुम्हाला प्रेत पाहिजे. जिवंत आजोबा काय कामाचा!

आणि तिला न विचारता! सगळ्या पोरांच्या अर्जांचे पासवर्ड तुमच्या या खणात, सही नाही, बोलणं नाही, तुम्हीच लिहिणार, तुम्हीच पाठवणार. तिनं पाहिलं तेव्हा अर्ज गेलेला होता. ढसाढसा रडली पोरगी. आमचे चिरंजीव म्हणाले, एक शब्द इकडचा तिकडे झाला म्हणून काय आकाश कोसळतं का? एक शब्द! बाप मेला त्याचा, आणि हा म्हणतो एक शब्द.

मला कसं कळलं विचारताय? — नाही, विचारत नाहीये तुम्ही, पण सांगतो. घरात सगळ्यांनी माझ्यापासून लपवलं होतं, मग एक फोन आला. त्या विद्यापीठात शिकून आलेला एक इंजिनियर इथे असतो, त्यांच्या वतीनं मुलाखती घेतो. फोन मीच उचलला. म्हणाला, घरीच येतो, तो दगडही बघायचाय, आणि आजोबांबद्दल वाचून फार वाईट वाटलं, आपण कोण बोलताय? — आता काय सांगणार मी? सांगा ना, तुम्ही तर निबंध लिहिता! तोंडातून निघून गेलं — मी शेजारी. पेपर न्यायला आलोय. आयुष्यभर नोंदवहीत खाडाखोड केली म्हणून मुलांचे गुण कापले मी, आणि इथे स्वतःलाच खोडलं.

तो आत्ता आमच्या घरी बसलाय. या क्षणी! म्हणून मी इथे. मुलानं बाहेर काढलं मला. काठी दिली हातात आणि — नाही. काढलं नाही. मीच निघालो. मुंगी सकाळपासून एकच म्हणत होती, मी खरं सांगणार, आणि मीच तिला म्हणालो, वेडी आहेस का, एक संध्याकाळ मेलो तर काय बिघडतं, तसाही फार उशीर लावलाय मी. माझा वाचायचा चष्मा कपड्यांच्या कपाटात टाकला, कवळीची वाटी मोरीत लपवली, गोळ्यांचा डबा सुनेच्या पिशवीत. मग बाहेर येऊन कुलूप लावायला लागलो — आत माणसं असताना! — सवय हो, तीन-तीनदा ओढून बघायची सवय.

आणि खरं सांगू? तुमचा निबंध वाचला मी. चांगला आहे. हेच तर मला सहन होत नाही. तो म्हातारा माझ्यापेक्षा बरा आहे, घाबरत नाही, रुसत नाही, चुकीचा दगड बाळगत नाही. वाचता वाचता मीच रडलो त्याच्यासाठी. मग वाटलं, तुमचंच बरोबर असेल, तिकडच्या लोकांना असाच आजोबा लागत असेल, मी राहिलो तर तिची जागा जाईल — आणि तरी इथे येऊन तुमच्यावर ओरडतोय. धड मरताही येत नाही मला, तुम्ही — थांबा. फोन. तिचाच आहे.

हां, मुंगी. संपलं? गेला तो? … काय? काय सांगितलंस? … सगळं? … अगं पण कशाला! मी नीट मेलो होतो की! कुणी सांगितलं होतं तुला — मग आता जागा गेली ना? … माहीत नाही म्हणजे? काय म्हणाला तो? … मूळ निबंध वाचायला दिलास? वाचला त्यानं? … बरं. मग? … अजून बसलाय? कपाटाजवळ? काय करतोय तिथे? …

माझं भिंग मागतोय?

खालच्या खणात आहे, फडक्यात. नको, तू देऊ नकोस. थांबव त्याला. मी येतो म्हणावं.

— सरका. ती काठी द्या इकडे. तुमच्याशी काही बोलायचं नाहीये मला. आणि हात धरू नका, जिना उतरता येतो मला.