मांजरीच्या रुमालावरचे लाल ठिपके

प्राण्यांच्या दवाखान्याबाहेरच्या भटक्या कुत्र्याला थोपटून शिंपी आत आला आणि आपल्या मांजरीची टोपली मांडीवर घेऊन बसला. शेजारी एक सासू-सून औषधासाठी थांबल्या होत्या.

"ऐकलंस ना गं? एकही पिसू उरली नाही म्हणाले डॉक्टर!"

"ऐकलं, आई. जिंकलात तुम्ही."

"माझा लेक म्हणे, घराबाहेर पाऊल न टाकणाऱ्या मांजरीला कसल्या पिसवा? तुला भास होतोय!"

"मग तुम्ही तिला ओल्या पांढऱ्या रुमालावर विंचरलंत."

"काळे कण पडले आणि बघता बघता लाल झाले. पिसवांची घाण ती, मांजरीच्याच रक्ताची! नेऊन ठेवला रुमाल त्याच्या ताटाशेजारी."

"जेवण सोडून उठले हो ते."

"उठू दे. मांजर बाहेर जात नाही, पण हा जातो ना! रस्त्यावरची कुत्री कुरवाळायची आणि तसंच तिच्या गादीवर लोळायचं."

"पण आता जंतांचं औषध कशाला?"

"अंग चाटताना पिसू गिळली असेल तर? त्यातूनही जंत होतात."

"आणि यांना काय द्यायचं?"

"त्याला लागू पडलंय औषध. काल दारातच उभा राहून विचारत होता, 'आई, कपडे बदललेत. येऊ का आत?'"

"मग?"

"मी म्हटलं, मला काय विचारतोस? गादीवर बसलीय, तिला विचार!"

शिंप्याने टोपली हळूच मांडीवरून उचलून बाकावर ठेवली.