मामांची खूण

आयसीयूबाहेर एक मावशी नवऱ्याचा एक्स-रे मांडीवर घेऊन बसल्या होत्या. शेजारी नाटकातले दोघं येऊन टेकले. तरुणाच्या तोंडाला अजून रंग होता. राजाचं काम करणारे मामा आत होते.

"त्रास नेमका कधी झाला?" सोबतच्यानं त्याला विचारलं.

"मी सुरा मारला तेव्हा."

"लाकडी सुरा तो. त्यानं काय होतंय?"

"खून झाला की मामा रोज हळूच माझं बोट दाबतात, ठीक आहे म्हणून. आज दाबलं नाही."

"मग पडदा पाडायला सांगायचंस."

"सांगणारच होतो. पण हात थरथरायला लागले, घाम फुटला, आवाज चिरकला."

"आणि?"

"टाळ्या पडल्या. मग मी अख्खं स्वगत म्हटलं."

"सात मिनिटांचं आहे रे ते."

"आज नऊ लागली."