कपाटामागची खिडकी

आत्या : ती टेप आधी खाली ठेवा आणि मला सांगा, तुम्ही घरात शिरलात कसे?

सुतार : शिरलो कुठं ताई, किल्लीनं उघडून आलो. ही बघा. पुढच्या चौकात, लाकडाच्या वखारीला लागून माझं दुकान आहे. सुतार आहे मी. वहिनींनी किल्ली दिली. म्हणाल्या, बुधवारी दुपारी या, घरात कुणी नसतं.

आत्या : मी असते की.

सुतार : तुम्ही म्हणजे… आत्या? मग तुम्ही आत्ता वाचनालयात असायला हव्यात. साडेतीन ते सहा.

आत्या : अस्सं! माझी ड्यूटी लावून दिलीय वाटतं. आणि मी बाहेर असताना ह्या अडगळीच्या खोलीत तुमचं काय चाललंय?

सुतार : मापं घेतोय. आता तुमच्यापासून काय लपवायचं… पण वहिनी बजावून गेल्यात, आत्यांना एवढ्यात कळू द्यायचं नाही.

आत्या : मला कळलंय. परवाच कळलंय. ती स्वयंपाकघरात फोनवर बोलत होती. ‘आत्यांना अडगळीच्या खोलीत हलवायचं, म्हणजे हॉल मोकळा होईल.’ मी हॉलमध्येच होते, दिवाणावर. माणसानं डोळे मिटले की त्याला ऐकूही येत नाही, असं ह्या घरात सगळ्यांना वाटतं.

सुतार : अरेरे.

आत्या : तुम्ही कशाला वाईट वाटून घेता? तुमचं काम करा. माझी बॅग भरून झालीय. एक मैत्रीण आहे माझी, आमच्या हॉस्पिटलात मेट्रन होती. एकटीच राहते, कधीही ये म्हणते. साडेपाचची बस आहे.

सुतार : तुम्ही निघालात? मग हा पलंग कुणासाठी करू मी?

आत्या : कसला पलंग?

सुतार : साडेपाच फुटी. मी म्हटलं होतं, वहिनी, सव्वासहाचा करून घ्या, उद्या कुणी पाहुणा आला तर? तर म्हणाल्या, पाहुण्याचं पाहुणा बघेल. आत्या पाच फुटांच्या आहेत, पलंग लांब केला तर टेबल बसणार नाही.

आत्या : पाच फूट एक इंच.

सुतार : लिहून घेतो.

आत्या : लिहू नका! टेबल कशाला?

सुतार : रात्री वाचायला.

आत्या : मी रात्री वाचत नाही. कशी वाचणार? हॉलमध्ये दिवा लावला की बेडरूमच्या दारांवरच्या काचेतून उजेड आत जातो. पोरं जागी होतात.

सुतार : तेच! अगदी हेच म्हणाल्या वहिनी. चौतीस वर्षं नर्सची रात्रपाळी केली, रिटायर होऊन तीन वर्षं झाली, तरी रात्री डोळ्याला डोळा लागत नाही त्यांच्या. अंधारात नुसत्या पडून असतात. म्हणून टेबल, टेबलावर दिवा. आणि खिडकीला आतून जाड झडप हवी, दुपारी झोपताना मिट्ट अंधार करता आला पाहिजे. मी म्हटलं, वहिनी, लोक उजेडासाठी माझ्याकडून खिडक्या करून घेतात, अंधार मागणारं गिऱ्हाईक तुम्ही पहिलंच.

आत्या : मी जागी असते हे तिला कसं कळलं?

सुतार : ते आता मला काय ठाऊक?

आत्या : आणि खिडकी कुठली काढलीत? ह्या खोलीला खिडकी…

सुतार : आहे की. ह्या कपाटामागे. मागच्या आठवड्यात आलो तेव्हा कपाटाच्या पाठीला हात लावला तर बोटांना वारा लागला. जरा सरकवून बघतो तर फळ्या ठोकलेल्या. आत चौकट इतकी चांगली म्हणून सांगू, एक भोक नाही किड्याचं. नवीन खिडकी बसवायची म्हणजे वहिनींचं सगळं गणित तिथंच कोलमडलं असतं. त्या तर लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवायला लागल्या.

आत्या : ती खिडकी मला माहीत आहे.

सुतार : माहीत आहे? मग बोलला नाहीत कधी?

आत्या : दाराची किल्ली वाजतेय. आली वाटतं ती.

सूनबाई : काका, झाली का हो मापं? लवकर आटपा, आत्या यायच्या आत… आत्या? तुम्ही घरी? बरं नाही का? आणि ही बॅग कुणाची दारात?

आत्या : माझी. मी मेट्रनकडे निघालेय. फ्रीजवर चिठ्ठी ठेवलीय.

सूनबाई : चिठ्ठी? नऊ वर्षं एका घरात राहतोय आपण आणि मला फ्रीजवर चिठ्ठी? बघू तरी. ‘दुधाची पिशवी खालच्या कप्प्यात आहे. धाकट्याचं खोकल्याचं औषध संपत आलंय, रात्रीचा डोस चुकवू नये. गॅस बंद केला आहे. मी जाते आहे. काळजी नसावी.’ आत्या, ही चिठ्ठी आहे की ड्यूटी बदलतानाचा रिपोर्ट?

सुतार : वहिनी, त्यांनी परवा तुमचा फोन ऐकला. अडगळीच्या खोलीत हलवायचं, तो.

सूनबाई : तो? पण मी माझ्या ताईशी बोलत होते, आणि पुढे किती बोलले मी! पुढचं ऐकलंत का?

आत्या : पुढे तू मिक्सर लावलास.

सूनबाई : मिक्सर! एका मिक्सरपायी तुम्ही घर सोडून निघालात? पुढे मी ताईला सांगत होते की खिडकी सापडली, सुतार चांगला मिळाला, फक्त त्या खोलीला काय म्हणायचं ते कळत नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून सगळे तिला अडगळीची खोलीच म्हणतात. मी तरी दुसरं काय म्हणणार होते?

आत्या : हॉल मोकळा होईल, हेही म्हणालीस.

सूनबाई : म्हणाले. खोटं कशाला बोलू? मला हॉल मोकळा हवाय. ‘हळू, आत्या झोपल्यात’ म्हणून म्हणून माझा घसा बसलाय. माझी मैत्रीण आली की तुम्ही दिवाणावरून उठता आणि ती जाईपर्यंत स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभ्या राहता. तास तास! मग माझं कसलं बोलण्यात लक्ष लागतंय? ती काय सांगते ते एका कानातून येऊन दुसऱ्या कानातून जातं. मला हॉल हवाय आणि तुम्हाला खोली हवीय. दोन्ही खरंच आहे ना?

आत्या : खोली हवीय असं मी कधी म्हटलं?

सूनबाई : नाही म्हटलंत. म्हणून तर विचारलं नाही. विचारलं असतं तर काय म्हणाला असतात, सांगा बरं?

आत्या : मला काय करायचीय खोली, असं म्हटलं असतं.

सूनबाई : झालं तर मग.

आत्या : झालं नाही. तरीही विचारायचं. आम्ही पेशंटला सुई टोचायच्या आधी सांगायचो. तो नको म्हणाला तरी टोचायचो, पण सांगून.

सूनबाई : चुकलं माझं. म्हटलं, सगळं तयार करून एकदम दाखवू. तुम्हाला आवडेल.

सुतार : मी जरा बाहेर जाऊन उभा राहू का?

आत्या : राहा इथेच. तुम्हाला माझं माप माहीत आहे, आता उरलंय काय लपवायला? मला एक सांग गं, मी रात्री जागी असते हे तुला कसं कळलं?

सूनबाई : धाकटा झाला तेव्हा रात्री चार-चार वेळा उठायचे मी. मी दार उघडलं की तुम्ही डोळे मिटून घ्यायचात. पण चष्मा काढायला विसरायचात. डोळे मिटलेले आणि चष्मा नाकावर!

आत्या : मग तेव्हाच का नाही बोललीस?

सूनबाई : तुम्ही नुकत्याच रिटायर झाला होतात. काय बोलणार? आणि तुम्ही इतक्या मनापासून झोपेचं सोंग घ्यायचात.

आत्या : आता तूही ऐक. मी ह्या घरात आले तेव्हा तुझा नवरा दोन वर्षांचा होता. हॉस्पिटलात नोकरी लागली होती. क्वार्टर मिळेपर्यंत दोन महिने राहते, असं भावाला सांगितलं होतं. तुझी सासू म्हणाली, ही मागची खोली आवरून देते तुला. मीच म्हटलं, दोन महिन्यांसाठी कशाला?

सूनबाई : हे मला कुणीच सांगितलं नाही.

आत्या : कोण सांगणार? क्वार्टर काही मिळालं नाही. खोलीत आधी सायकल आली, मग गाद्या, मग रद्दी. पाहुणे आले की हॉलमध्ये मला जागा नसायची, म्हणून रात्रपाळी मागून घेतली. वॉर्डात निदान एक खुर्ची माझी होती. मग एक दिवस भावानं हे कपाट आणलं. ठेवायला भिंत पुरेना, तेव्हा त्यानं खिडकीवर फळ्या मारल्या. खिळे मी धरले होते. एकेक खिळा त्याच्या हातात देताना वाटत होतं, आता बोलावं, दादा, ही खोली मला दे. पण तो खिळा मागायचा, मी द्यायचे. फळ्या मारून झाल्या आणि आम्ही चहा प्यायलो.

सूनबाई : आत्या…

आत्या : त्याचा काही दोष नाही. त्याला वाटलं, हिला काही लागत नाही. मीच तसं वाटू दिलं. आणि आता एकसष्टाव्या वर्षी बॅग भरताना लक्षात आलं, माझं सगळं सामान एका बॅगेत मावतं. एकदा वाटलं, बरं झालं, सुटसुटीत आहे. मग कसं तरी झालं.

सुतार : ताई, फळ्या काढू का आत्ता? पकड आहे माझ्याकडे. कपाट सरकवायला फक्त वहिनींनी हात लावायचा.

आत्या : मी काय म्हातारी झाले? पेशंट उचललेत मी, कपाटाचं काय घेऊन बसलात? तू त्या कोपऱ्याला लाग. कंबर वाकवू नकोस, गुडघे वाकव. हं. एक, दोन…

सूनबाई : बाई गं! केवढी धूळ!

सुतार : बाजूला व्हा जरा. ही पहिली… जोर लागतोय, खिळे गंजलेत. आली!

आत्या : खिळे इकडे द्या. खाली टाकू नका, पोरं अनवाणी फिरतात.

सुतार : घ्या. ही दुसरी. आता हे दार उघडतंय का बघू… उघडलं! बघा ताई, तेल घातलं की आवाजही करणार नाही.

सूनबाई : वारा किती छान येतोय! मला वाटलं होतं, समोर नुसती भिंत असेल.

आत्या : भिंतच होती. शेजारच्यांनी पाडलेली दिसतेय कधीतरी. भिंतीवरून नुसता शेंडा दिसायचा, ते झाड केवढं झालंय.

सूनबाई : आवडलं का?

आत्या : रंग कोणता देणार आहेस?

सूनबाई : बाथरूमचा उरलाय, हिरवा. नवीन काही आणायचं नाही असंच ठरवलंय ह्यांनी आणि मी. पलंगाला आमच्या जुन्या पलंगाच्या फळ्या, टेबलाला ह्याच कपाटाची दारं.

आत्या : बाकी सगळं चालेल. हिरवा नको. चौतीस वर्षं हिरवे पडदे बघितलेत मी.

सुतार : त्यात पांढरा घालू भरपूर. हिरवेपणा जाईल.

आत्या : जाईल म्हणजे किती जाईल?

सुतार : इतका, की कुणी सांगितल्याशिवाय कळणार नाही.

आत्या : मला माहीत असेल ना पण. पिवळा हवा. लहान डबा. तो मी आणीन आणि हात मारायलाही मीच उभी राहीन. आणि टेबल खिडकीशी नको, खिडकीशी पलंग. झोप आली नाही तर निदान झाड दिसेल.

सूनबाई : टेबल मग ह्या भिंतीला. काका, बसेल?

सुतार : पलंग साडेपाच फुटीच ठेवतो. पाच फूट एक इंचाचं माणूस आहे, बसेल.

सूनबाई : आणि तुमची साडेपाचची बस?

आत्या : जाऊ दे ती. मेट्रनला फोन करते. तिनं बिचारीनं भाजी आणून ठेवली असेल.

सूनबाई : त्यांनाच इकडे बोलवा ना चार दिवस. दिवाण मोकळा होतोय आता.

आत्या : ती घोरते.

सूनबाई : घोरू दे. तुम्ही तर आत असाल.

सुतार : मग आता दाराचंही उरकून टाकू. इथं पडदाच होता आजवर. जुन्या सामानाच्या बाजारात एक दार मिळालंय, भक्कम आहे, बाहेर टेम्पोत ठेवलंय. आणून नुसतं धरून दाखवतो. आत उघडायचं की बाहेर, ते तुम्ही सांगा. कोण राहतंय आत?

आत्या : मी राहते.

(सुतार दार आणून चौकटीत उभं धरतो. आत्या आत, सूनबाई बाहेर.)

सुतार : बसलं बघा! केसभरही तासायला नको.

सूनबाई : आत्या, येऊ का आत?

आत्या : काय म्हणालीस?

सूनबाई : आत येऊ का, म्हटलं.

आत्या : पाच मिनिटांनी ये.

सुतार : अहो ताई, बिजागऱ्या नाहीत अजून. दार मी हातानं धरलंय.

आत्या : बरं. मग दोन मिनिटांनी.